रंभा धवलारीण आणि चिंबोरी

पनवेलजवळच्या विचुंब्यात कुणाच्या दारात मांडव उभा राहिला की पहिलं आमंत्रण रंभाला जायचं. भटजीचं नाव त्यानंतर निघायचं आणि बॅन्जोवाल्यांचं त्याच्याही नंतर. रंभा धवलारीण. लग्नघरी धवले म्हणायचे, म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंतचा एकेक विधी गाण्यातून लावून द्यायचा, हे तिचं काम. वाद्य नाही, माईक नाही. चटईवर मांडी घालायची, एक हात कानाशी न्यायची आणि सुरू व्हायची. आवाज गोड होता असं कुणी म्हणणार नाही. पण तो शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सरळ जायचा, आणि असा आवाज मिळावा म्हणून नाटकातली माणसं जन्मभर देवाला हात जोडतात. रंभाने नाटकाचं थिएटर कधी आतून पाहिलं नाही. तिला मांडव पुरला.

ही विद्या तिला सासूने दिली. सासू मिठागरावर मीठ ओढता ओढता गायची आणि नवी सून मागे मागे म्हणायची. पाठांतर चुकलं की सासू फावड्याचा दांडा बांधावर आपटायची. मिठागरं गेली, बांध गेले, त्या जागी आता सोसायट्यांच्या पार्किंगच्या पाट्या आहेत. पण रंभाच्या तोंडून एक ओळ कधी खाली पडली नाही. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईच्या डोक्यात चार गावांच्या घराण्यांची वंशावळ होती. हळद लागण्याआधी त्या त्या घरचे देव आणि पितर नाव घेऊन मांडवात बोलवायचे असतात, आणि नाव सुटलं तर तो पितर दाराबाहेर ताटकळतो, असं तिची सासू सांगायची.

तिचा नवरा काशीराम तिला प्रत्येक मांडवात पोचवायचा. आधी सायकलवरून, मग लुनावरून, पुढे मुलाच्या स्कूटरवरून. मागे कुठेतरी पान चघळत बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याशी जागांच्या भावाच्या गप्पा मारायचा, आणि घरी आल्यावर एवढंच बोलायचा की आज तिसऱ्या गाण्याला आवाज चिरकला. म्हणजे ऐकत असायचा.

मागच्या श्रावणात काशीराम गेला. घर माणसांनी भरलं. आमच्याकडे मयताला बायका जमल्या की घरची बाई हंबरडा फोडते, आणि इथे तर खुद्द धवलारीण बसलेली. सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. असा गळा असलेली बाई नवऱ्यासाठी कशी रडेल, हे त्यांना ऐकायचं होतं म्हटलं तरी चालेल. रंभा रडली नाही. तिने पाणी कुठे ठेवलंय ते सांगितलं, चहाची भांडी मोजून घ्यायला सांगितलं आणि भिंतीला टेकून बसली. बायका गेल्या त्या कुजबुजत गेल्या. मुलगा मिथुन तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर असायचा, सून कामोठ्याला शाळेत शिकवायची. दोघांनाही वाटलं, आज ना उद्या आईचा बांध फुटेल. तो फुटला नाही. रंभा जेवायची, झोपायची, विचारलं तर उत्तर द्यायची. वांग्यात मीठ नाही हे तिला सांगावं लागायचं. मिठागरावरच्या बाईला.

माघ लागला, लग्नं सुरू झाली आणि बोलावणी आली तशी ती पुन्हा जाऊ लागली. धवलारणीला विधवापण आड येत नाही, तो मान गळ्याचा. ती गायची, सगळ्या ओळी जागच्या जागी यायच्या. फक्त गाताना ती मांडवात नसायची, एवढंच.

चिंबोरी घरात आली ती त्याच्या थोडी आधी. नात समीक्षा कॉलेजातून येताना मैत्रिणीच्या घरून कुत्रीचं एक पिल्लू टोपलीत घालून घेऊन आली. तांबूस रंगाची, कान खाली पडलेले, आणि फरशीवर पाय घसरायचे म्हणून तिरकी तिरकी पळायची. मिथुन म्हणाला, ही तर खेकड्यासारखी चालते. झालं, नाव पडलं, चिंबोरी. घरात पिल्लू नको की हवं, हे रंभाने सांगितलं नाही. स्वयंपाकघरात येऊ देऊ नका, एवढं सांगितलं. आणि चिंबोरी नेमकी तिच्याच पायाशी येऊन झोपू लागली. रंभा तिला हाकलत नव्हती आणि कुरवाळतही नव्हती. बसल्या जागी पाय हलवायचा झाला तर पिल्लाला धक्का लागणार नाही इतक्या बेताने हलवायची.

समीक्षाने पिल्लाला पहिली लस देऊन आणली होती, पुढची व्हायची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की तोवर पिल्लू बाहेर न्यायचं नाही आणि बाहेरच्या चपला घरात आणायच्या नाहीत. समीक्षाने दाराबाहेर चपलांचं कपाट ठेवलं आणि सगळ्यांना दरडावून ठेवलं. रंभाने तो नियम कुणापेक्षाही काटेकोर पाळला. तिची चप्पल कधी उंबरठ्याच्या आत आली नाही.

आणि तरी चूक झाली.

तळोज्याच्या बाजूच्या एका गावात हळद होती. धवलारीण मांडवात शिरताना चप्पल काढते, आणि गाणं संपवून निघेपर्यंत तिचे पाय जमिनीवर अनवाणीच असतात. घरची बाई तिच्या पायांवर पाणी घालते आणि हळद लावते. ती हळद धुवायची नसते. ती आपली आपण जाईल तेव्हा जाईल. धवलारणीने मांडवाची हळद धुतली तर त्या घराचं सौभाग्य धुतलं जातं, असं मानतात. गाणं संपल्यावर रंभा हात धुवायला मांडवामागे गेली होती. तिथे आचाऱ्याच्या भट्टीपलीकडे गोणपाटावर एक पिल्लू पडलं होतं. खाली सगळी घाण, अंगावर माशा. आचारी म्हणाला, कालपास्नं असाच हाय. रंभा वळसा घालून नळाशी गेली आणि आली त्याच वाटेने परत गेली. रिक्षाने घरी आली. चप्पल बाहेरच्या कपाटात ठेवली. पिवळ्या पायांनी आत आली आणि आपल्या जागी बसली. चिंबोरी धावत आली आणि पाय चाटू लागली. नेहमीप्रमाणे.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी चिंबोरी उठली नाही. समीक्षाने बशी पुढे सरकवली तर मान फिरवली. दुपारी पिवळा फेस ओकली, मग पुन्हा, मग नुसतंच पोट आत ओढून घेत राहिली. संध्याकाळी जुलाब झाले. त्यात रक्त होतं, आणि असा वास होता की सुनेने घराची सगळी दारं उघडली.

दवाखाना नवीन पनवेलला. डॉक्टर अनुया ही जेमतेम तिशीची मुलगी, केस वर बांधलेले, बोलताना हात थांबत नाहीत. तिने तपासणीच्या पट्टीवर थेंब टाकला आणि तिघी त्या पट्टीकडे बघत उभ्या राहिल्या. रेघा उमटल्या. डॉक्टर म्हणाली, हा पार्वो. या विषाणूवर थेट औषध नाही. पिल्लाचं शरीर लढतंय तोवर अंगातलं पाणी टिकवायचं, ओकारी थांबवायची, दुसरा संसर्ग होऊ द्यायचा नाही. बरीच पिल्लं वाचतात, बरीच वाचत नाहीत, मी आत्ता काहीच सांगू शकत नाही. समीक्षा रडायला लागली. रंभाने विचारलं, आधी काय आणि मग काय ते सांगा.

डॉक्टरने सांगितलं. रोज सकाळी इथे सलाइन. घरी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटाशी. ओकारी थांबेपर्यंत तोंडात काही नाही, पाणीसुद्धा नाही. रंभाने पेजेचं विचारलं, जरा पातळ करून दिली तर? आजारी पोराला पेज, हे तिला साठ वर्षं ठाऊक. डॉक्टरने मान हलवली. पेज नाही, दूध तर नाहीच. जागा पुसायची ती फिनेलने नाही, फिनेलने हा मरत नाही, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने. आणि हा जमिनीत महिनोन् महिने राहतो. मग तिने विचारलं की पिल्लू बाहेर कुठे गेलं होतं का. समीक्षा म्हणाली, एकदाही नाही, चपलासुद्धा बाहेर ठेवतो आम्ही. डॉक्टर म्हणाली, चपलाच कशाला, कपड्यांवरून येतो, हातावरून, पायावरून येतो.

रंभाने खाली बघितलं. नखांच्या कडेला हळद अजून होती.

परतताना रिक्षात समीक्षाच्या मांडीवर चिंबोरीचं गाठोडं होतं. रंभा म्हणाली, "मी आनला ग."

"काय?"

"रोग. मांडवातना. पायान."

समीक्षाने आजीच्या पायांकडे पाहिलं आणि गाठोडं दुसऱ्या मांडीवर घेतलं. रात्रीचं जेवण तिने वर गच्चीत नेऊन केलं. सकाळी मात्र दाराशी एक घमेलं भरलेलं होतं, त्याला ब्लीचिंगचा वास येत होता. समीक्षा बाजूला उभी होती. रंभा काही न विचारता घमेल्यात उभी राहिली. पिवळेपणा सुटून पाण्यात गेला आणि लगेच दिसेनासा झाला. कुणाच्या घरचं सौभाग्य धुतलं जातंय हे तिच्या मनात आलंच असेल. तिने पाय एकमेकांवर घासले, टाचासुद्धा.

मग ते दिवस सुरू झाले. रंभाने चिंबोरीचं आजारपण लग्नातल्या विधींसारखं लावून घेतलं. सकाळी उठल्यावर पहिलं काय, दुसरं काय, हे तिने गाण्यातल्या कडव्यांसारखं एकाखाली एक मनात बसवलं. आधी खालचं फडकं काढायचं, पिशवीत बांधायचं. मग कोमट पाण्याने मागचं अंग पुसायचं, मग कोरडं करायचं. मग जागा. मग बाटली. मग हात. ते झालं की रिक्षा. दवाखान्यात पार्वोच्या पिल्लांना पुढे बसवत नाहीत, मागच्या बोळात वेगळी जागा आहे. तिथे स्टुलावर बसून रंभा चिंबोरीचा पुढचा पाय धरून ठेवायची, कारण सुई त्या पायात होती. बाटलीतला थेंब पडताना बघायची. दुसऱ्या पिल्लांचे मालक यायचे, कुणी रडायचं, कुणी देवाचा अंगारा आणायचं. एका बाईचं पिल्लू तिथेच गेलं. ती रंभाच्या गळ्यात पडली. रंभाने तिला एका हाताने धरलं, दुसरा चिंबोरीच्या पायावर होता, तो काढता येत नव्हता.

चिंबोरीचं वजन उतरत गेलं. उचलली तर फडकंच जड लागायचं. डोळे आत गेले, कान गार पडू लागले. समीक्षाची परीक्षा तोंडावर होती, ती पुस्तक घेऊन बाजूला बसायची आणि पान उलटायची नाही. एका दुपारी तिने आजीला विचारलंच. आजीचे हात तेव्हा फडकं पिळत होते.

"आजी, तुला काहीच वाटत नाही का गं? आजोबांच्या वेळीपण तू अशीच."

रंभाने प्रश्न टोलवला नाही. फडकं दोरीवर टाकलं आणि खरंच विचार करून बघितला, जणू डब्यात हात घालून तांदूळ उरलेत का ते बघावं.

"नाय वाटत," ती म्हणाली. "पन हात चालतात."

समीक्षा उठली आणि दुसऱ्या बाजूने फडकं ताणून धरलं. त्या दिवसापासून तिने गच्चीत जेवणं सोडलं.

याच आठवड्यात प्रणितची हळद होती. प्रणित म्हणजे काशीरामच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याची आई कृष्णाबाई ही रंभाची धाकटी जाऊ, घर त्याच गल्लीच्या टोकाला. काशीराम गेल्यानंतर घरातलं हे पहिलंच लग्न. प्रणित जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा हातावर घेतलं ते रंभाने, त्यामुळे त्याचे धवले दुसरं कुणी म्हणेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण त्या घरच्या जिन्याखाली त्यांची कुत्री व्यायली होती. पाच-सहा पिल्लं डोळे उघडून नुकती रांगायला लागलेली. रंभाने डॉक्टरला विचारून घेतलं. अंघोळ करून, कपडे बदलून गेलं तर? डॉक्टर म्हणाली, तुम्ही दिवसभर हिच्यापाशी असता, मी तर सांगेन की लहान पिल्लं असतील त्या घरी इतक्यात जाऊच नका. रंभाने निरोप पाठवला की ती येणार नाही, मांडवातही नाही आणि दारातही नाही.

कृष्णाबाई तडक आली. हातात पत्रिकांची पिशवी, पदर खोचलेला. रंभाने फाटक उघडलं नाही, आतूनच उभी राहिली. तिथूनच कृष्णाबाईचा पारा चढला.

"बाय, कुत्रीपायी लगीन सोरतंस? लोकांना काय सांगू मी?"

"सांग, रंभाला बरा नाय."

"तुला काय धार भरलीय? चांगली उबी हायेस."

"तुजे घरान पिल्ला हायेत. माजे पायान्शी रोग जाईल."

"मंग पाय धू न ये. पानी मी घालतंय तुजे पायावर."

"पान्यान नाय जात. ब्लीचिंगन जातो. तुजे मांडवाला ब्लीचिंगन धुवाचा काय?"

कृष्णाबाईने पिल्लं दोन दिवस माहेरी धाडते म्हणून सांगितलं. रंभा म्हणाली, पिल्लं परत येतील तेव्हा रोग अंगणातच असेल, तो महिनोन् महिने जात नाही. कृष्णाबाईने मग जुनं सगळं काढलं. कोण कुणाच्या बाळंतपणाला आलं होतं, कुणाच्या सासूने कुणाला विद्या दिली, आणि ती विद्या काय कुत्र्याजवळ बसायला दिली का. शेवटी म्हणाली, "भावजी असते तं," आणि तिथेच थांबली. रंभा फाटकाच्या कडीकडे बघत होती. कृष्णाबाई पिशवी सावरून निघून गेली. जाताना एवढं बोलली की धवले काय, मोबाईलमध्येपण मिळतात.

रंभा आत आली आणि बाटलीतलं पाणी बदललं. आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं. एखादं दार कुठे आहे ते माहीत असावं आणि उठवत नसावं, तसं.

हळदीचा दिवस उजाडला. सलाइन देऊन आणलेली चिंबोरी कोपऱ्यात निपचित पडली होती. आदल्या संध्याकाळपासून ओकारी झाली नव्हती. डॉक्टर म्हणाली होती, आज दुपारी चमचाभर पाणी देऊन बघा, राहिलं तर आशा आहे. उलटलं तर मला फोन करा. ते "उलटलं तर" समीक्षाने तिसऱ्यांदा आजीला समजावून सांगितलं. रंभाला ते पहिल्या वेळीच कळलं होतं. पण पाणी अजून दिलंच नव्हतं. वाटीत काढून ठेवलं होतं आणि दोघी त्याच्याकडे बघत होत्या.

गल्लीच्या टोकाला स्पीकर सुरू झाला. आधी बॅन्जो, मग तो बंद करून मोबाईलवरचे धवले. उरणकडची कुणी बाई होती. आवाज चांगला होता, ठेकाही बरा. रंभा भिंतीला टेकून ऐकत होती. देव बोलावून झाले आणि त्या बाईने पितर बोलवायला घेतले. ज्या कुणाच्या लग्नात ते गाणं टिपलं असेल, त्यांचे पितर. एकामागून एक परक्या घरची नावं विचुंब्याच्या आभाळात वाजू लागली, आजे, पणजे, कुणी चुलते, कुणी अकाली गेलेली पोरं. बरीच मोठी यादी होती. मध्येच स्पीकर कट झाला.

थोड्या वेळाने कृष्णाबाई फाटकाशी आली. नवं लुगडं, अंगावर दागिने, कपाळाला घाम. बरोबर दोघी-तिघी बायका. या वेळी आवाज चढलेला नव्हता.

"बाय, आयकलास काय? कोनाचे कोन मांडवान बोलावले त्या बाईन. आमचे भायेर न दुसऱ्यांचे मेलेले चटईवर." तिच्या मागची एक बाई फिस्सकन हसली आणि तोंड पदराने दाबून गप्प झाली. "मना आपले आज्यापरत ठावं हायेत. तेचे मागचे कोनालाच ठावं नाय. तू नको येव. हितूनच सांग. मी जाऊन तशीच बोलतंय."

रंभा पायरीवर आली. फाटक आणि तिच्यामध्ये ब्लीचिंगचं पाणी शिंपडलेलं ओलं अंगण होतं, ते तिने ओलांडलं नाही. नावं नुसती सांगता येत नाहीत हा त्यातला घोळ. ती गाण्यात बसलेली असतात, चालीवर चढल्याशिवाय एकामागून एक निघत नाहीत. तिने हात कानाशी नेला. आत समीक्षा मोबाईल ठेवून उठली.

रंभाने सुरुवात मुळापासून केली. पोशा, ज्याने पहिला बांध घातला. त्याची बायको ठमी. त्यांचे मुलगे जोमा आणि हाशा, हाशा लहानपणी भरतीत गेला, त्याला जोमाच्या मांडीवर बसवायचं. जोमाच्या दोन बायका, दोघींनाही मान सारखा, नाहीतर भांडतात. मग सासऱ्यांचे वडील, मग सासरे, मग सासूबाई बामी. प्रत्येक नावाला ये म्हणायचं, पाट द्यायचा, पाणी द्यायचं. कृष्णाबाई फाटकाच्या गजाला धरून एकेक नाव ओठात घोळवत होती. मागच्या बायका बोटांच्या पेरांवर धरत होत्या.

बामीशी रंभा थांबली. आजवर ती या घरासाठी गायली तेव्हा इथेच थांबत आली होती. पुढे कुणी नव्हतं.

बायकांना कळलं. कृष्णाबाईने मान खाली घातली. नवा पितर शेवटी येतो, त्याला थोरांच्या पंगतीत नेऊन बसवावं लागतं आणि मग त्याचं नाव कायमचं त्या ओळीत जातं. रंभाने श्वास घेतला, मांडवात घ्यायची तेवढाच, आणि काशीरामला हाक मारली. ये म्हणाली. आईच्या शेजारी पाट दिला, पाणी दिलं. सूर हलला नाही, चिरकला नाही. ओळ जशी पुरी व्हायला हवी तशी झाली. तिने हात खाली घेतला.

कृष्णाबाई रडत होती. बाकीच्याही रडत होत्या, नाक पुसत होत्या. रंभा वाट बघत उभी राहिली, काहीतरी येईल म्हणून. आलं नाही. घशाला फक्त कोरड पडली होती.

"ध्यानात राहील ना?" तिने विचारलं.

कृष्णाबाईने मान डोलावली. पदराने डोळे टिपून ती म्हणाली, "कुत्री कशी हाय?"

"हाय. पानी द्यायचा हाय अजून."

"दे मंग जा. आमी निंगतो." आणि दोन पावलं जाऊन परत वळली. "माजे पिल्लांना सुई देवाची ती कंची? तुजे डाक्टरनीला इचार."

"इचारतंय."

त्या गेल्या. रंभा आत आली, दाराशी घमेल्यात पाय बुडवले, हात धुतले. चिंबोरीजवळ बसली आणि वाटी जवळ ओढली. समीक्षाने पिल्लाचं डोकं हातावर घेतलं. रंभाने चमचा तोंडाच्या कडेला लावला. पाणी हनुवटीवरून थोडं सांडलं, थोडं आत गेलं. घशाखालची कातडी एकदा हलली.

मग दोघी बसून राहिल्या. टोकाकडून स्पीकरवर आता कृष्णाबाईचाच आवाज येऊ लागला, बेसूर, घाईतला, नाव घेताना अडखळणारा. पोशा आला, ठमी आली. हाशाला तिने मांडीवर बसवायचं विसरून पाट दिला, मग आठवून पुन्हा उचललं. समीक्षाला हसू आलं, तिने आजीकडे पाहिलं. रंभाचे डोळे पिल्लाच्या पोटावर होते. पोट आत ओढलं जातं का, ते बघत होती. वर जात होतं, खाली येत होतं.

"राहिलं वाटतं गं आजी," समीक्षा हळूच म्हणाली.

"बोलू नको. बसू दे."

आणखी काही वेळ गेला. चिंबोरीने जीभ बाहेर काढली, कोरड्या नाकावरून फिरवली आणि पुन्हा आत घेतली. रंभाने चमचा परत भरला. तिकडे हळद लागली असावी, बॅन्जो सुरू झाला होता. पाणी आत गेलं. ती पुन्हा वाट बघत बसली.